पायथनची उसनवारी आणि आपलं सोवळं

मराठीत एखादा परका शब्द आला की फेसबुकवर लगेच 'भाषा बाटली' सुरू होतं. मित्रांनो, छापील मराठीतला स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हेही इंग्रजीतूनच आलेत, एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या पुढाकाराने. जुनी मोडी पत्रं सलग वाचत जायची. असो.

आज सांगायचंय ते पायथनबद्दल. आमच्या नवलाख उंबरे परिसरात एमआयडीसी आली, नोकरीच्या आशेने पोरं ही कॉम्प्युटरची भाषा शिकू लागली. म्हणून मीही तिचा इतिहास वाचला. उसनवारी कशी करावी, याचा तो धडाच आहे.

गीडो व्हॅन रॉसम या डच माणसाने 1989 च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली. ओळी आत सरकवून गट पाडायची पद्धत घेतली 'एबीसी' या भाषेतून. यादीतून यादी बनवायची एका ओळीतली सोय 2000 साली 'हॅस्केल'कडून आली. लिस्पच्या वळणाचे लॅम्डा, रिड्यूस त्याआधीच आले होते. पुढे गीडोला ते नकोसे झाले. लोकांनी ओरड केली, लॅम्डा वाचला. रिड्यूसला मात्र 2008 मध्ये माजघरातून उचलून माळ्यावर टाकलं, म्हणजे लागेल त्याने तिथून काढून घ्यावं. घेतलेलं मागे सारायलाही लाज नाही!

मला सगळ्यात आवडलं ते 2015 चं. पायथनमध्ये डब्यावर 'यात साखर' असं लिहावं लागत नाही. आज साखर, उद्या मीठ. छोट्या कामाला छान, पण शेकडो जणांच्या स्वयंपाकघरात घोटाळा. जावासारख्या भाषांत चिठ्ठी सक्तीची. पायथनने चिठ्ठी घेतली, सक्ती नाही घेतली. न लावताही प्रोग्रॅम चालतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आधी सक्तीचा जीआर निघतो आणि मग चर्चा.

भांडणं तिथेही झाली. हिशेब चालू असतानाच उत्तराला नाव देऊन टाकायची सोय सी भाषेत पूर्वीपासून होती. ती पायथनमध्ये आणण्यावरून 2018 मध्ये इतकी जुंपली, की प्रस्ताव मंजूर करून गीडोने प्रमुखपदच सोडलं. तोवर शेवटचा शब्द त्याचाच असे. 2019 च्या सुरुवातीला मतदान झालं, पाच जणांचं मंडळ आलं. त्या पाचांत गीडोही होता, पण आता पाचातला एक म्हणून.