खुब्याच्या हाडाला पाडलेलं भोक

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण जंतूंमुळे कुजणारं हाड पाहिलं. आजच्या आजारात जंतू नसतो. रक्त पोचत नाही, म्हणून हाड मरतं. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. खुब्याच्या वाटीत बसणारं मांडीच्या हाडाचं गोल डोकं याला जास्त बळी पडतं, कारण तिथे रक्त नेणाऱ्या वाटा मोजक्याच. खुबा मोडला, स्टेरॉइड फार दिवस चाललं, दारू वाढली, की त्या बंद पडू शकतात. सिकलसेलमध्येही हे होतं. विदर्भात, नंदुरबारकडे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

1962 मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी बसवून सांधाच बदलला. म्हाताऱ्या माणसाला ते वरदान ठरलं. पण एव्हीएन बहुधा तिशी-चाळिशीत गाठतो. कृत्रिम वाटी झिजते, आणि पुढे आयुष्य उरलेलं असतं. मग या माणसाचं स्वतःचं हाड वाचवायचं कसं?

उत्तर निघालं फ्रान्समधल्या तुलूझ शहरात, तेही तपासणी करताना. पॉल फिका आणि जाक आर्ले हाडाच्या आतला दाब मोजत, आणि निदानासाठी भोक पाडून आतला तुकडा काढत. काही रुग्ण म्हणू लागले, दुखणं कमी झालं! हाड म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. आत दाब वाढला की रक्ताचं येणंजाणं अडतं. भोक पाडलं की तो उतरतो. 1964 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तपासणीचीच शस्त्रक्रिया झाली: कोअर डीकम्प्रेशन.

पुढे जपानच्या सुगिओका यांनी डोकंच फिरवून निरोगी भागावर वजन आणलं. अमेरिकेत अर्बनियाक यांनी पायाच्या नळीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट तिथे बसवलं.

पण एक अट सुटत नाही. गोळा चपटा झाल्यावर भोक पाडून फारसा उपयोग होत नाही. आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो! 1980 च्या दशकात एमआरआय आला, तेव्हा कुठे आजार वेळेवर दिसू लागला. म्हणून जांघेत दुखणं हटत नसेल आणि पूर्वी स्टेरॉइड घेतलेलं असेल, तर स्वच्छ एक्स-रेवर आपण थांबू नये. डॉक्टरांना एमआरआयबद्दल जरूर विचारावं.

पुढच्या वेळी आपण चार्नली यांच्या वाटीची गोष्ट पाहू.