तबकडीवरचे नाव

जुने घड्याळ विकत घेताना नजर आधी तबकडीवर जाते. तिथे दुकानाचे नाव आणि खाली ‘बॉम्बे’ असे कोरलेले दिसले, की घड्याळ मुंबईतच घडले अशी समजूत होते. ते नाव बहुधा विकणाऱ्याचे असते. एकोणिसाव्या शतकात विलायती कारखाने घड्याळे तयार करीत आणि दुकानदार त्यांवर आपले नाव घालून घेत. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरचे घड्याळही लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचे.

स्केलेटन क्लॉकच्या बाबतीत मात्र खरा कर्ता शोधायला वाव असतो. याला लाकडी पेटी नसते. जाळीसारख्या कातरलेल्या पितळी पट्ट्यांचा सांगाडा, आत चाके, स्प्रिंगचा डबा, सारे उघडे. वर काचेचा घुमट. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हा प्रकार रुळला आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये बहरला. लंडनच्या क्लर्कनवेल भागातले स्मिथ आणि बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचे इव्हान्स हे त्यातले मोठे कारखानदार. यॉर्क, लिचफील्ड येथल्या कॅथेड्रलांच्या आकाराचे सांगाडे तेव्हा निघाले. नक्षीच्या वळणावरून जाणकार कारखाना ओळखतात, तबकडीवर नाव कोणाचेही असो.

यंत्रातली पाहण्यासारखी वस्तू म्हणजे फ्यूझी. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग जोरात ओढते, उतरत आलेली मंद. म्हणून बारीक साखळी एका शंकूवर गुंडाळतात. स्प्रिंग जोरात असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, सैल पडली की रुंद बाजूला. ओढ जवळपास सारखी राहते. साखळीच्या जागी पुढे कोणी तार बसवली असेल तर तेही इथे लपत नाही.

घुमट फुटला की अंधेरी-बोरिवलीच्या दमट हवेत पितळ काळवंडते. मग चिंच येते. देवघरातल्या समईला जी सेवा चालते, ती इथे घात करते: आकड्यांच्या कड्यावरचा रुपेरी थर जातो, कोरलेल्या अंकांतले काळे मेण सुटते, जाळीच्या कडा बोथट होतात. लखलखीत केलेले स्केलेटन क्लॉक मला केविलवाणेच वाटते.

यंत्र कर्त्याविषयी बोलते. ते कोणाच्या घरात, कोणत्या वेळेवर चालले, याविषयी नाही. मुंबईत हा प्रश्न किरकोळ नाही. 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ आली; रेल्वे तिच्यावरच धावत होती. महापालिकेने मात्र 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ धरून ठेवली. हा हट्ट देश स्वतंत्र झाला तेव्हाही सुटलेला नव्हता. घाटकोपर स्टेशनात 10 वाजत, तेव्हा पालिकेच्या घड्याळात 9 वाजून 21 मिनिटे! अंधेरी-घाटकोपर पालिकेच्या हद्दीत आले 1950 मध्ये, बोरिवली-मुलुंड 1957 मध्ये. त्याआधी इथला चाकरमानी एका वेळेवर गाडी पकडून दुसऱ्या वेळेच्या शहरात उतरत होता. त्याच्या दिवाणखान्यातले काटे स्टेशनाशी जुळवलेले होते की शहराशी, हे चावी देणाऱ्यालाच ठाऊक.

उपनगरांतली जुनी घरे आता पुनर्विकासात जात आहेत. सामान आवरताना घड्याळ नातवाकडे जाते किंवा भंगारवाल्याकडे, तिथून बाजारात. संग्राहकाच्या हाती येईपर्यंत घराचे नाव गळून पडलेले असते. तबकडीवरचे दुकानदाराचे तेवढे शाबूत असते.