तरुणींच्या स्तनातील गाठ : घाबरायचे कधी, दवाखाना गाठायचा कधी?

आंघोळ करताना स्तनात गाठ हाताला लागली की पहिला विचार कॅन्सरचाच येतो. विशी-तिशीतल्या मुलींच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. या वयातील बहुसंख्य गाठी साध्या असतात. मात्र गाठ साधी आहे हे घरी चाचपून ठरवता येत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज तर उलटाच आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा निरुपद्रवी निघतात.

सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोअॅडिनोमा. साधारण १५ ते ३५ या वयात ती होते. गोल, गुळगुळीत, रबरासारखी. बोटाखाली धरू गेले की सटकते. ती कॅन्सर नव्हे. लहान असेल तर काढावीच लागते असेही नाही. ठरावीक महिन्यांनी सोनोग्राफी करून लक्ष ठेवले जाते. वाढत गेली किंवा मोठी असली तर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. लग्न, गर्भधारणा किंवा बाळाला दूध पाजणे यांच्या आड ती सहसा येत नाही. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण लग्न ठरायच्या वयात गाठ लपवून ठेवण्यामागे अनेकदा हीच भीती असते.

पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणे, गाठीगाठी जाणवणे हे हार्मोनमुळे होते आणि पाळीनंतर ओसरते. धोक्याचे दुसरे लक्षण नसेल तर एक पाळी जाऊ द्यायला हरकत नाही. त्यानंतरही गाठ तिथेच असेल तर दाखवावी. रोवणी संपू दे, दिवाळी होऊ दे, असे करता करता महिने जातात.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी. दूध साचून गाठ होते. स्तन लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दूध पाजणे सहसा थांबवायचे नसते. पण औषध घेऊनही आठ-दहा दिवसांत गाठ गेली नाही, तर ‘दुधाचीच असेल’ म्हणून सोडू नये. आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही क्वचित गाठीच्या रूपात दिसतो.

गाठ कडक, वेडीवाकडी, जागेवर घट्ट बसलेली असेल, कातडी आत ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, निप्पल नव्याने आत वळले, त्यातून रक्त आले, काखेत गाठ लागली, तर पाळीची वाट न पाहता लगेच जावे. आई किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तरीही.

डॉक्टर आधी हाताने तपासतात. तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी करतात. ती गरोदरपणातही सुरक्षित असते. गरज वाटल्यास सुईने तुकडा घेऊन बायोप्सी करतात. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. तिच्यापायी तपासणी टाळणे मात्र महागात पडते.

सरकारी तपासणी मोहीम ३० वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी आहे. म्हणजे २२ वर्षांच्या मुलीचे नाव त्या यादीत नसते. तिला स्वतःच जावे लागते. लाखांदूर असो की तुमसर, सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. आशाताईला सोबत नेता येते. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना परिचारिका हजर ठेवायला सांगावे, त्यात संकोच नको. पुढे भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय. सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते हे आधी विचारून निघावे, नाहीतर एक मजुरी फुकट जाते. कॅन्सरची शंका असेल तर सुमारे ६० किलोमीटरवर नागपूर आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार जवळ असावे. आधीचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि बायोप्सी झाली असल्यास तिच्या काचपट्ट्याही सोबत न्याव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागण्याची शक्यता कमी होते.