दोन ओकची पानं आणि झेपावणारा वाघ

दरवर्षी २३ जानेवारीला आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतो. जर्मन गणवेशातले भारतीय सैनिक, काही फेटेवाले शीख, बाहीवर तिरंगी बिल्ला, समोर पाहणी करणारा जर्मन सेनापती रोमेल. खाली कुणीतरी लिहितं, "नेताजींची एसएस सेना". मग एका गटाला अभिमान वाटतो, दुसऱ्याला लाज, आणि रात्रीपर्यंत हाणामारी. फोटो नीट बघत मात्र कुणीच नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी बिल्ला बघा. उजव्या बाहीवर ढाल, त्यात केशरी-पांढरा-हिरवा पट्टा. मधे चरखा नाही, झेपावणारा वाघ आहे. वर जर्मनमध्ये ‘फ्रायेस इंडियन’, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. बहुतेक सैनिक उत्तर आफ्रिकेत पकडलेले ब्रिटिश फौजेतले युद्धकैदी. इंग्रजांच्या पलटणी जातीवार आणि प्रांतवार. इथे मराठे, जाट, रजपूत, शीख, गढवाली, मुसलमान एकाच तुकडीत. ही कल्पना सुभाषबाबूंची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी गोष्ट हीच.

आता मुद्द्याचं. ही रेजिमेंट, क्रमांक ९५०, जर्मन लष्कराची होती, एसएसची नव्हे. एसएस ही नाझी पक्षाची सशस्त्र संघटना. रोमेलचा तो फोटो फेब्रुवारी १९४४ चा. एसएसचा संबंध आला ऑगस्ट १९४४ मध्ये, जेव्हा परदेशी स्वयंसेवकांच्या तुकड्या हिमलरच्या वाफेन-एसएसकडे गेल्या. नेताजी तर फेब्रुवारी १९४३ मध्येच पाणबुडीने निघून गेले होते. मागे राहिलेल्यांना कुणी विचारलं नाही.

नव्या व्यवस्थेत लेफ्टनंट कर्नल क्राप यांच्या जागी हाइन्त्स बेर्टलिंग आला. त्याचा हुद्दा ओबरफ्यूरर. हा हुद्दा समजून घेण्यासारखा आहे. जर्मन सैन्यात कर्नलनंतर थेट मेजर जनरल. एसएसमध्ये मधे ही एक जादा पायरी, आपल्या ब्रिगेडियरच्या आसपासची. खांद्यावर पट्ट्या कर्नलच्याच, पण कॉलरच्या दोन्ही बाजूंना ओकची दोन-दोन पानं. कर्नलच्या दर्जाच्या श्टान्डार्टनफ्यूररला एकेकच. आणि हा हुद्दा जन्माला आला तोच मुळी रणांगणावर नाही. १९२१ पासून पक्षात एखाद्या भागातल्या गणवेशधारी टोळ्यांच्या प्रमुखाला ओबरफ्यूरर म्हणत. पक्षाचं पद हळूहळू फौजी कॉलरवर चढलं. नाझी राजवट काय होती हे एवढ्यावरूनही कळतं.

भारतीय सैनिकांना हा बदल रुचला नाही. तक्रारी सुरू झाल्या. आपण नकोसे आहोत हे ओळखून बेर्टलिंगने पायउतार व्हायला मान्यता दिली. दोन पानांचा साहेब, आणि त्याला नको म्हणणारे कैदेतून आलेले शिपाई! हा प्रसंग कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

अर्थात सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. त्यांनी शपथ हिटलरच्या नावाने घेतली होती, त्यात नेताजींचंही नाव होतं. ज्यूंवर काय चाललंय हे त्या युरोपात चालू होतं आणि गणवेश त्याच राजवटीचा होता. "शत्रूचा शत्रू तो मित्र" म्हणून विषय संपत नाही. उलट हिटलरला त्यांची काय किंमत होती? मार्च १९४५ च्या एका बैठकीत त्याने या पलटणीची चक्क टर उडवली. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर ‘माइन काम्फ’ घेणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

शेवटी ही माणसं स्वित्झर्लंडकडे निघाली. पोहोचली नाहीत. अमेरिकन आणि फ्रेंच फौजांच्या हाती सापडली आणि ब्रिटिशांच्या कैदेत भारतात परत आली.