कमी खाणाऱ्याचं टेबल

'रेस्टॉरंट' हे मुळात जागेचं नाव नव्हतं, ते एका रश्श्याचं नाव होतं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'गेलेली ताकद परत आणणारं' असा. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये कोंबडीचं किंवा वासराचं मांस तासन् तास मंद आचेवर शिजवून त्याचा जो अर्क काढत, त्याला हे नाव होतं. आपल्या घरात आजारी माणसाला आणि बाळंतिणीला यखनी देतात, तिचीच ही फ्रेंच चुलत बहीण म्हणा. हा अर्क विकणाऱ्या जागेलाही पुढं तेच नाव पडलं.

अशी जागा पॅरिसमध्ये 1766 च्या सुमारास पहिल्यांदा काढली ती मातुरँ रोझ द शांतवाझो नावाच्या गृहस्थानं. बरीच जुनी पुस्तकं हा मान बुलांजे नावाच्या एका सूपवाल्याला देतात. त्यानं मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात घालून विकले, इतर खानसाम्यांनी त्याच्यावर खटला भरला, तो जिंकला वगैरे. गोष्ट छान आहे, पण रेबेका स्पँग या इतिहासकार बाईंनी 2000 साली आलेल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की या गोष्टीला कागदोपत्री आधार सापडत नाही. असो. पायाचा रस्सा हॉटेलच्या इतिहासात पहिला असता तर आपल्यापैकी अनेकांना आनंदच झाला असता.

मुद्दा असा की या जागांवर जाई कोण? ज्याची छाती नाजूक, पचन मंद, भूक मेलेली, ज्याला भरलेलं ताट झेपत नाही असा माणूस. त्याआधी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे सराईत किंवा खाणावळीत एका लांब टेबलाशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पैशात, अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. मोठी भांडी मध्ये यायची, ज्याचा हात चलाख त्याच्या पानात बोटी पडायची. हळू खाणारा आणि कमी खाणारा दोघेही तिथं तोट्यात, कारण पैसे सगळ्यांना सारखेच. रेस्टॉरंटनं ही मांडणीच बदलली. वेगळं छोटं टेबल, हवी ती वेळ, चिनी मातीच्या कपात एकट्यापुरता रस्सा, आणि जेवढं घेतलं तेवढ्याचेच पैसे. मेन्यूकार्डावर पदार्थासमोर किंमत छापायची सवय याच जागांनी रुजवली. म्हणजे आज आपण ज्याला हॉटेलात जाणं म्हणतो, ते कमी खाणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी सुरू झालं. पुढच्या तीसेक वर्षांत तिथं चैनीचं खाणं आलं, श्रीमंत आले आणि अर्काचा कप मागं पडला.

हा इतिहास उकरून काढण्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या आपाचे शौहर, आमचे दुल्हेभाई, यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. स्लीव्ह म्हणतात ते. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा मोठा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. 30 मिलि म्हणजे खोकल्याच्या औषधाचे दोन मोठे चमचे. सुरुवातीचे आठवडे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, आणि नंतर हळूहळू नेहमीचं अन्न. त्यानंतरही घास बारीक, चावणं भरपूर, ताटात आधी प्रोटीन, आणि जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासानं. दुल्हेभाईंना हे सगळं जमलं. जमलं नाही ते हॉटेल. पहिल्यांदा सगळे मिळून बाहेर गेलो तेव्हा त्यांनी चिकनचे चार-पाच तुकडे खाल्ले आणि हात थांबवला. वेटरनं दोनदा विचारलं, "साहब, खाना पसंद नहीं आया?" तिसऱ्यांदा मालक स्वतः आला. दुल्हेभाईंनी "तबियत ठीक नहीं" म्हणून सांगितलं आणि त्यानंतर सहा महिने कुणाच्या दावतीला गेले नाहीत. शरीर सुधारत होतं आणि माणूस घरात बसत होता. आपाला काळजी वाटायची ती याची.

ही अडचण वाटते तितकी नवी नाही. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या सर्जननं कॅन्सर झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून उरलेला आतड्याला जोडला आणि ती वाचली. चारेक महिनेच जगली, पण माणूस अर्ध्या जठरावर जेवू शकतो हे जगाला कळलं. त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं अल्सरसाठी जठराचा तुकडा काढणं हे नेहमीचं ऑपरेशन होतं. आपल्या आजोबांच्या पिढीत 'अल्सरचं ऑपरेशन झालेला' एखादा तरी नातेवाईक असायचा, जो लग्नात जेवायला बसला की दोन घासांत उठायचा. गोड खाल्लं की थोड्या वेळात त्याला घाम सुटायचा, छाती धडधडायची, पोटात कळ यायची. डॉक्टर याला 'डंपिंग' म्हणतात. जठराचा दरवाजा उरलेला नसल्यानं साखर एकदम आतड्यात ओतली जाते, म्हणून हे होतं. बायपास झालेल्या माणसाला एक वाटी शीरखुर्मा नको असतो तो याच कारणानं. त्याला नखरा समजू नये.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. त्यांनी अल्सरवाल्या रुग्णांत एक गोष्ट हेरली. ज्या स्त्रियांच्या जठराचा मोठा भाग काढला आहे त्यांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहसा चढत नाही. इतरांना जो दुष्परिणाम वाटत होता, तोच त्यांनी इलाज म्हणून वापरायचं ठरवलं. 1966 साली त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी वजनासाठी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं. त्याआधी 1954 पासून मिनेसोटात आतडंच वळवून टाकायचे प्रयोग झाले होते, पण त्यात रुग्ण खायचे भरपूर आणि अंगी काही लागायचं नाही; यकृत आणि मूत्रपिंडं खराब झाल्यावर ती पद्धत सोडून द्यावी लागली. मेसननी जेवणाच्या आकारालाच हात घातला. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हेच ऑपरेशन दुर्बिणीतून केलं आणि मग दार उघडलं. 1999 साली कार्नी विल्सन या गायिकेचं ऑपरेशन इंटरनेटवर दाखवलं गेलं. अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला 16 हजारांच्या आसपास अशी ऑपरेशनं होत. 2003 मध्ये ती लाखावर गेली.

इथं थोडं विषयांतर करते, कारण स्पेनच्या इतिहासाचं नाव निघाल्यावर मला राहवत नाही. दहाव्या शतकात लिओनचा राजा सँचो इतका लठ्ठ झाला की त्याला घोड्यावर बसता येईना, आणि 958 मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून उतरवलं. त्याची आजी तोदा ही नवाराची राणी. नात्यानं ती कुर्तुब्याच्या खलिफा अब्दुर्रहमान तिसऱ्याची आत्या लागत होती. तिनं भाच्याकडं हकीम मागितला. खलिफाच्या दरबारातला हसदाई इब्न शपरूत हा यहुदी हकीम गेला आणि म्हणाला, इलाज कुर्तुब्यातच होईल. ख्रिस्ती राजा, यहुदी हकीम, मुसलमान खलिफा; एका माणसाच्या पोटासाठी तिघं एकत्र आले. सँचो बारीक झाला आणि खलिफाच्या फौजेच्या जोरावर त्यानं गादी परत मिळवली. हसदाईनं त्याचं तोंड शिवून नळीनं पातळ पदार्थ पाजले, असं आजचे सर्जन मोठ्या आवडीनं लिहितात. ते मी दंतकथा म्हणूनच सांगते. आणि 966 मध्ये तो मेला, तेव्हा त्याला फळातून विष दिलं अशी बोलवा होती. खाण्यानं त्याची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही.

तर अमेरिका. तिथं एक विचित्र गोष्ट घडली. ज्या काळात सर्जन जठर लहान करत होते, त्याच काळात हॉटेलं ताट मोठं करत होती. 1960 च्या दशकात डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ सिनेमागृहांच्या एका साखळीत होते. त्यांच्या लक्षात आलं की लोकांना पॉपकॉर्नचा दुसरा पुडा मागायला लाज वाटते, पण एकच मोठा पुडा असला तर तो ते खुशाल घेतात. पुढं ते मॅकडोनाल्डच्या संचालक मंडळावर गेले आणि बटाट्याच्या चिप्सचा मोठा पुडा काढायला रे क्रॉकना त्यांनीच पटवलं. सुरुवातीला, 1955 च्या सुमारास, तिथं चिप्सचा एकच आकार असे, आणि तो आजच्या 'लहान' पुड्याएवढा होता. अमेरिकेतल्या हॉटेलांचे वाढप 1970 च्या दशकात फुगायला लागले आणि 1980 च्या दशकात आणखीच फुगले. 'हवं तितकं खा' वाले बफे लास व्हेगासच्या जुगारघरांनी 1940 च्या दशकापासूनच लोकप्रिय केले होते. गिऱ्हाईक जेवायला बाहेर गेलं की जुगार सुटतो, हे त्यामागचं गणित.

अशा देशात 30 मिलिच्या पिशवीचा माणूस हॉटेलात शिरतो तेव्हा काय करेल? त्यावर तिथल्या दवाखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे कार्ड. व्हिजिटिंग कार्डाएवढा तुकडा, त्यावर सर्जनचं नाव आणि विनंती, की या व्यक्तीच्या जठराचं ऑपरेशन झालेलं आहे, कृपया हिला मुलांच्या मेन्यूतलं किंवा कमी प्रमाणातलं जेवण द्यावं. ते मानायचं की नाही ही हॉटेलची मर्जी, कायद्याची सक्ती नाही. काही मानतात, काही नाही, आणि कित्येक लोक कार्ड पाकिटातून काढतच नाहीत. आपलं पोट किती उरलंय हे वेटरला लेखी का दाखवायचं? मला त्यांचं पटतं. कमी खाणाऱ्यासाठी निघालेल्या जागेत कमी खाण्यासाठी डॉक्टरचा दाखला मागावा, इतका हा धंदा अडीचशे वर्षांत उलटा फिरला.

आपल्याकडं 'बॅरिॲट्रिक' हा शब्द घरोघरी पोचला तो बहुधा 2017 मध्ये, जेव्हा इजिप्तच्या इमान अहमद यांना खास विमानानं मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. त्या बिचारीचं वजन 500 किलोच्या आसपास सांगितलं जाई. त्याच वर्षी अबू धाबीत तिचं निधन झालं. शब्द राहिला. आता तालुक्याच्या गावातही कुणाच्या ना कुणाच्या घरात असं ऑपरेशन झालेलं असतं, बहुतेक वेळा लपवलेलं.

आणि मला वाटतं, या माणसांसाठी आपली हॉटेलं अमेरिकेपेक्षा बरी आहेत. आपल्याकडं हाफ प्लेट आहे. 'वन बाय टू' सूप आहे, जे मागताना कुणी कारण विचारत नाही. कटिंग चहा आहे. इराण्याकडं एक खिमा घेऊन तिघं बसले तरी चालतं. कबाबच्या गाडीवर सीख मोजून मिळते, एक म्हणजे एकच. यातलं काहीही रुग्णांसाठी निघालेलं नाही, पैसे पुरवून खाणाऱ्यांसाठी निघालं आहे. पण उपयोगी पडतं. अडतं ते 'अनलिमिटेड' थाळीत आणि बफेत, जिथं भिंतीवर 'शेअरिंग नॉट अलाउड' लिहिलेलं असतं. तिथं हा माणूस चार चमचे वरणाचे पूर्ण पैसे देतो, त्या जुन्या पॅरिसच्या लांब टेबलावरच्या हळू खाणाऱ्यासारखा.

दावतीचं मात्र आपण नीट बघायला हवं. तिर्मिजीतली पोटाचे तीन भाग करायला सांगणारी हदीस वाझमध्ये हमखास ऐकवली जाते, आणि त्याच रात्री वलिम्यात "अरे, तुम्ही तर काहीच घेतलं नाही!" म्हणत पाहुण्याच्या पानात तिसरी बोटी पडते. मेजबानाची माया खरी असते, पण ऑपरेशनवाल्या माणसाला एक घास जास्त झाला तरी उठून न्हाणीत जावं लागतं, हे त्याला ठाऊक नसतं. बोहरी समाजात एका मोठ्या थाळाभोवती सातआठ जण बसतात. तिथं कोण किती खातो हे चटकन दिसत नाही, आणि एकाचं राहिलं ते दुसऱ्याच्या हाताखाली जातं. दुल्हेभाई सहा महिन्यांनी पहिल्यांदा जेवायला बाहेर पडले ते अशाच एका बोहरी मित्राच्या घरी. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून सुरुवात केली, थोडी खिचडी आणि मटणाचा एक तुकडा खाल्ला, बाकी वेळ गप्पा मारल्या. कुणी काही विचारलं नाही.

आता ते हॉटेलातही जातात. ऑर्डर आधी आपा देते, सूप वन बाय टू आणि तंदुरीची हाफ प्लेट, आणि सोबतच सांगून ठेवते, "भाई, जो बचेगा वो पार्सल." आपल्याकडं हे बोलायला काही वाटत नाही. पॅरिसमध्ये उरलेलं घरी नेणं लोकांना फार काळ कमीपणाचं वाटत आलं आहे. शेवटी फ्रान्सला त्यासाठी कायदाच करावा लागला, आणि 1 जुलै 2021 पासून तिथल्या रेस्टॉरंटांना, गिऱ्हाइकानं मागितलं तर, उरलेलं अन्न बांधून द्यावं लागतं.