काच, मणी आणि राजचिन्हे

काच आणि मणी ही जोडी आपल्या सुभाषितकारांनी इतकी रूढ करून ठेवली आहे, की काच म्हणजे मण्याची बतावणी हा निर्णय आपण वस्तू पाहण्यापूर्वीच दिलेला असतो. दिल्लीत करोल बागेतील लग्नसामानाच्या दुकानांपुढून जाताना तो सहज पटतोही. नवरदेवाच्या साफ्यावरील कलगी, गळ्यातील माळा, कमरेची तलवार ही सारी राजचिन्हेच. त्यांत जडवलेले खडे मात्र बहुधा काचेचे. एका रात्रीच्या राजाला तेवढे पुरे! परंतु हीच दृष्टी घेऊन आपण प्राचीन इजिप्तच्या राजचिन्हांकडे वळलो, तर तेथील कलेचा अर्थ मुळातच चुकतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

इजिप्तच्या काचेच्या जडावकामात राजाची आकृती पुष्कळदा सुट्या तुकड्यांची बनलेली असे. चेहरा एका रंगाचा, मुकुट दुसऱ्या रंगाचा, कपाळावरील नागफणा तिसऱ्या; हे तुकडे साच्यात घडवून, घासून, लाकडी देव्हाऱ्याच्या किंवा आसनाच्या कोंदणात बसवीत. निळा रंग तांब्यापासून किंवा कोबाल्टपासून मिळे, आणि कोबाल्ट पश्चिमेकडील वाळवंटातल्या मरूद्यानांतील तुरटीतून येई. तांबडी काच त्याहून अवघड. भट्टीतील हवा नेमकी कोंडली नाही, तर तेच तांबे निळसर-हिरवे होऊन बसते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कांतीर येथे, रामेसेस राजांच्या राजधानीत, इ. स. पू. तेराव्या शतकातील अशा काचकामाचे अवशेष सापडले आहेत. राजधानीतच ही कला नांदत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हॉवर्ड कार्टर यांना 1922 साली तूतांखामेनची कबर सापडली. तिच्यातील सोन्याचा मुखवटा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या शिरोवस्त्रावरील निळे पट्टे काचेचे आहेत, तर डोळ्यांच्या कडा आणि भुवया लाजवर्दाच्या, म्हणजे आपल्या राजावर्ताच्या. राजाच्या हातातील आकडी व चाबूक ही तर साक्षात सत्तेची चिन्हे. त्यांतही सोन्याशेजारी निळी काच आहे. दहा किलोहून अधिक सोने जेथे एका मुखवट्याला लाभले, तेथे काच केवळ काटकसरीने आली, हे म्हणणे टिकत नाही. इजिप्तच्या एका पुराणकथेत वृद्ध सूर्यदेवाचे मांस सोन्याचे आणि केस लाजवर्दाचे वर्णिले आहेत. सोनेरी मुख आणि त्याभोवती निळाई यांतून राजा देवपदाला पोचतो. येथे काम रंगाचे आहे. तो रंग बदख्शानच्या डोंगरातून आला की भट्टीतून, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

यावर आक्षेप घेता येईल, की इजिप्तच्या लेखांत ‘खरा लाजवर्द’ आणि ‘ओतलेला लाजवर्द’ असा भेद केलेला आढळतो. आक्षेप रास्त आहे. त्यांना फरक कळत होता. पण फरक कळणे आणि एकाला खोटे ठरविणे या दोन भिन्न गोष्टी होत. अमर्ना येथे सापडलेल्या, इ. स. पू. चौदाव्या शतकातील पत्रव्यवहारात अश्कलोनचा मांडलिक यिद्या, राजाच्या मागणीवरून काचेचे तीस नग पाठवीत असल्याचे कळवितो. बतावणीचा माल कोणी सम्राट मांडलिकाकडून मागवून घेत नाही.

पुढे टॉलेमींच्या काळात हे काम विपुल झाले, आणि विपुलतेबरोबर त्यात काहीसा साचेबंदपणाही आला. एकाच कांडीचे काप काढून तोच चेहरा अनेकवार मिळविण्याची युक्ती कौतुकास्पद खरी. माझे मन मात्र जुन्या, ओबडधोबड तुकड्यांकडेच ओढ घेते.

आणि हे सारे मराठी वाचकाला इतके अपरिचित का वाटावे, हे कळत नाही. काळी पोत काचेच्या मण्यांची असते आणि सोन्याच्या वाट्यांना खेटून असते. ते मणी अमक्या रत्नाची नक्कल आहेत, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. हिरवा चुडा काचेचाच भरतात. सोन्याच्या पाटल्या हातात असल्या, तरी त्यांच्या मध्ये काचेच्या बांगड्यांना जागा ठेवावीच लागते.