सिलिंडरमधील ज्वालेचे चित्रण : उपाय आधी, निदान नंतर

पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात उपाय आधी आणि निदान नंतर, असा उलटा क्रम एके ठिकाणी आढळतो. सिलिंडरमध्ये उमटणारा धातूच्या ठोक्यासारखा आवाज, म्हणजेच ‘नॉकिंग’, ही इंजिनाची शक्ती वाढविण्यातील मोठी अडचण होती. जनरल मोटर्समधील टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये त्यावर टेट्राइथाइल लेड हे संयुग सापडले आणि १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. सिलिंडरमध्ये नेमके काय घडते, याविषयी मात्र तेव्हा केवळ तर्कच होते.

त्याच कंपनीतील लॉइड विथ्रो व जेराल्ड रासवायलर यांनी पुढे सिलिंडरच्या माथ्यावर क्वार्ट्झची खिडकी बसवून सेकंदाला सुमारे ५००० चित्रे टिपली. मिनिटाला ९०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात हा वेग क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अंशाला जवळपास एक चित्र, इतका पडतो. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच दाबले गेलेले उर्वरित मिश्रण आपोआप पेट घेते, हे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चित्रणात दिसले. १९६१ मध्ये बॉडिच यांनी पिस्टनच्या माथ्यालाच क्वार्ट्झ बसविले व खालच्या आरशातून ज्वाला पाहण्याची सोय केली. ही रचना पुढे प्रयोगशाळांत रूढ झाली.

निदान हाती आले, तरी विषारी शिसे पेट्रोलमध्ये टिकून राहिले. मोटारींच्या पेट्रोलमधून ते भारतात २००० मध्ये, तर अल्जीरियात २०२१ मध्ये हद्दपार झाले. डोळ्यांनी दिसलेला पुरावा अज्ञान दूर करतो. परंतु एकदा रुळलेला उपाय बदलण्यास तो एकटा पुरेसा ठरत नाही, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.